वाढती वही आणि तिचे राखणदार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हिंजवडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या मेळाव्यात आजवर शिक्षणफंड, वसतिगृह, वधूवरसूचक केंद्र अशा विषयांवर व्याख्याने होत आली. या वर्षी कार्यकारी मंडळाने आम्हांस जो विषय नेमून दिला, तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांनी एकमेकांकडे पाहिले असेल. बिटकॉइनादी चलनांची जी नोंदवही, जिला ब्लॉकचेन म्हणतात, ती दिवसेंदिवस फुगत चालली आहे; हे फुगणे त्या चलनांस बाधक आहे काय, असा तो विषय आहे. मेळावा हिंजवडीत भरावयाचा ठरला तेव्हाच असा काही विषय येणार हे उघड होते. मुळशी तालुक्यातील ज्या गावाचे नाव तीस वर्षांपूर्वी म्हातोबाच्या बगाडाखेरीज बाहेरच्या लोकांस फारसे ठाऊक नव्हते, तेथे आज राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे आणि आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण मुलेमुली तेथे नोकरीस आहेत. त्यांतील काहींनी आपली बचत या चलनांत घातली आहे. एवढेच असते तर तो ज्याचा त्याचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. परंतु याच तरुणांपैकी काहींनी मंडळापुढे अशी सूचना ठेवली आहे की, आपली सभासदनोंद, वंशावळी आणि शिक्षणफंडाचा हिशेब हे सारेच ब्लॉकचेनवर चढवावे, म्हणजे ते कायमचे निर्धास्त होईल. सूचना सद्हेतूची आहे. तिचा विचार करावयाचा तर ही वही कशी वाढते, ती कोण वाहतो आणि तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

त्र्यंबकेश्वरास किंवा नाशकास गेलेल्यांनी तीर्थोपाध्यायांची वही पाहिली असेल. पणजोबा केव्हा आले, बरोबर कोण कोण होते, मूळ गाव कोणते, हे तेथे नोंदलेले असते. आणि आज गेलेल्याने त्याच घराण्याच्या नोंदीखाली आपली नोंद करून सही करावयाची असते. मागचे खोडण्याचा रिवाज नाही; नवे तेवढे खाली चढते. ब्लॉकचेन ही याच जातीची वही होय. भेद दोन आहेत. पहिला असा की, येथे प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर मागील पानाचा गणिती ठसा उमटविलेला असतो. त्यामुळे मागे कोठे एका काना-मात्रेचा फेर केला तरी पुढच्या सर्व पानांचे ठसे जुळेनासे होतात. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. ही वही एका उपाध्यायांच्या फडताळात नसते. ज्यास इच्छा असेल त्याने तिची संपूर्ण प्रत आपल्या घरच्या संगणकावर ठेवावी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक नोंद स्वतः पडताळून पाहावी, अशी तिची मुळातली मांडणी आहे. अशी प्रत बाळगणाऱ्या संगणकास नोड म्हणतात. आम्ही येथे त्यास वहीधारक म्हणू.

प्रती अनेक असण्याचे मोल या प्रांतातील माणसास निराळे सांगावयास नको. येथून देहू दूर नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ती बुडालीच, त्यांची दुसरी प्रत नव्हती आणि ती राहावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या, पण अभंग काही बुडाले नाहीत. वह्या पाण्यावर तरल्या असे भाविक मानतात. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते तरले असे चिकित्सक म्हणतात. आणि अभंग लिहून ठेवणारे म्हणून चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांचे नाव तर प्रसिद्धच आहे. आमच्या आजच्या कामापुरते पाहिले तर अनेकांच्या मुखी आणि अनेकांच्या घरी जे असते त्यास एक डोह पुरा पडत नाही. उलट १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांतून किती घरांच्या सनदा, खरेदीखते आणि वंशावळी चिखलात गेल्या याची गणती कोणी केलेली नाही. त्या कागदांची प्रत दुसऱ्या घरी नव्हती.

आता वाढीचा हिशेब पाहू. २००८ च्या ऑक्टोबरअखेर सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पृष्ठांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. विशेष हे की, जागेचा प्रश्न त्या निबंधातच उपस्थित केलेला आहे. पानाचा केवळ माथा ८० बाइटांचा. दर दहा मिनिटांस एक पान धरले तर वर्षास माथ्यांची जागा ४.२ एमबी, म्हणजे चिंतेचे कारण नाही, असा त्या लेखकाचा हिशेब होता. तो बरोबरही आहे. २०२५ च्या जूनमध्ये या वहीचे नऊ लक्षावे पान झाले; तोवरचे सगळे माथे एकत्र केले तर ते ७२ एमबीच्या आत राहतात, मोबाइलमधील एखाद्या चलच्चित्राएवढे. पण माथे म्हणजे वही नव्हे. माथ्याखाली जो मजकूर असतो, कोणी कोणास किती दिले याचा, तो २०१६ च्या अखेरीस १०० जीबीच्या आसपास होता, २०२० च्या आरंभी २५० जीबीच्या आसपास आला आणि २०२४ संपता संपता ६०० जीबी ओलांडून गेला. अलीकडे वर्षास ऐंशी-नव्वद जीबीची भर पडते आहे. या वाढीस केवळ पैशाची देवघेव कारण नाही. २०२३ च्या जानेवारीत 'ऑर्डिनल्स' नावाची एक युक्ती निघाली आणि लोक या हिशेबाच्या वहीत चित्रे चिकटवू लागले. रोजकीर्दीच्या पानावर मुलांनी चित्रे काढावीत, आणि तीही अशी की कोणालाही कधीही पुसता येऊ नयेत, तसलाच हा प्रकार.

यावर पहिले उत्तर मिळते ते असे की, यात प्रश्न कसला? ६००-७०० जीबी म्हणजे काय मोठेसे? दोन टीबीची डिस्क काही हजार रुपयांत पेठेत मिळते. हे उत्तर देणारे मूर्ख नाहीत, आणि जागेपुरते ते खरेही आहे. परंतु वही ठेवणे आणि वही तपासणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. कपाटात शंभर दप्तरे रचून ठेवण्यास एक हमाल पुरे. त्यांतील प्रत्येक रकमेचा मेळ घालावयास कारकून लागतो, आणि दप्तरे दुप्पट झाली की त्याचे दिवसही दुप्पट होतात. नवा वहीधारक होऊ इच्छिणाऱ्यास २००९ पासूनची सगळी पाने इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागतात, प्रत्येक सही आणि प्रत्येक शिल्लक ताडून पाहावी लागते. चांगल्या यंत्रावर हे काम एका दिवसात होते. जुन्या संगणकावर व फिरत्या चकतीच्या डिस्कवर त्यास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. मग इतरांस पाने पुरविण्याचे काम आहेच. तेव्हा प्रश्न डिस्कच्या किमतीचा नसून असा आहे की, साध्या पगाराच्या माणसाने साध्या यंत्रावर ही तपासणी करावी हे किती काळ शक्य राहील?

याच प्रश्नावरून बिटकॉइनवाल्यांत २०१५ ते २०१७ या काळात मोठी भाऊबंदकी माजली. एका पानावर किती मजकूर मावावा याची मर्यादा २०१० साली १ एमबी अशी घातली होती. दिवसास १४४ पाने. म्हणजे वर्षास फार तर ५२ जीबी. एक पक्ष म्हणू लागला की, ही मर्यादा वाढवा, नाहीतर हे चलन बाजारात चालणार कसे? दुसरा पक्ष म्हणे, पान मोठे कराल तर वही पेलणारे थोडे उरतील आणि मग ती लोकांची वही राहणार नाही. अखेर १ ऑगस्ट २०१७ रोजी वाटणी झाली. मोठ्या पानाचा पक्ष ८ एमबीचे पान घेऊन 'बिटकॉइन कॅश' या नावाने वेगळा निघाला. मूळ घरात त्याच महिन्याच्या २४ तारखेस 'सेगविट' नावाची सुधारणा लागू झाली, तिने पानाची मोजणीच बदलली आणि ते थोडे रुंद केले. त्यानंतर २०२० साली, आणखी एका वाटणीतून निघालेल्या शाखेने पानावरील मर्यादा जवळजवळ काढूनच टाकली. या तिन्ही घरांपैकी लोकांचा विश्वास आणि पैसा मुख्यत्वे कोणत्या घरी राहिला, हे आज सर्वांस दिसते आहे. लहान पानाच्या पक्षाने ओळखलेले मर्म खरे होते, असे आमचे मत आहे.

मात्र त्या पक्षाने मोजलेली किंमतही लहान नाही. पान लहान ठेवले की त्यावर जागा मिळविण्यासाठी बोली लागते. २० एप्रिल २०२४ रोजी एका व्यवहाराचे सरासरी शुल्क १०० डॉलरांच्या वर गेले होते. भाजीवाल्यास चाळीस रुपये देण्यासाठी आठ हजार रुपये हशील भरणारा माणूस कोठे मिळेल? उलट बाजूने हिशेब करून पाहा. आपल्या देशात २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एका व्यवहारास २५० बाइट एवढीच जागा धरली आणि हे सारे ब्लॉकचेनवर लिहावयाचे म्हटले, तर वही महिन्यास ५ टीबीने वाढेल, वर्षास ६० टीबीने. वाकड-हिंजवडीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती वही मावणार नाही आणि तिची तपासणी तर तेथे व्हावयाचीच नाही. ज्या दिवशी वही अशी होते त्या दिवशी ती मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रागारांतच राहू शकते. आणि कंपनीच्या वहीवर विश्वास टाकावयाचा असेल तर बँकेने काय घोडे मारले आहे? बँकेवर निदान रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे.

आम्हांस वाटते, प्रश्नाचे मर्म येथे आहे. वहीचा आकार हा स्वतः रोग नव्हे. तपासणारे हात कमी होणे हा रोग. आकार हे त्याचे एक कारण. आणि खरे सांगावयाचे तर हा रोग आकार वाढण्याची वाट पाहत बसलेला नाही, तो आधीच जडलेला आहे. या सभागृहात ज्यांनी ही नाणी घेतली आहेत त्यांतील कितीजणांनी वहीची प्रत कधी आपल्या यंत्रावर उतरवून घेतली असेल? बहुतेकांची नाणी बिटकॉइनच्या वहीत त्यांच्या नावे नसतातच. ती एखाद्या पेढीच्या वहीत त्यांच्या नावे असतात, आणि मोठ्या वहीत ती पेढी तेवढी दिसते. मुंबईच्या वझीरएक्स या पेढीतून २०२४ च्या जुलैमध्ये सुमारे २३ कोटी डॉलरांचा ऐवज चोरीस गेला, तेव्हा ब्लॉकचेनचा एकही ठसा मोडला नव्हता. चोरीची नोंदसुद्धा तिच्यात अगदी शुद्ध झाली. त्याआधीचे गेनबिटकॉइनचे प्रकरण तर याच भागातले. महिन्यास दहा टक्के परतावा अठरा महिने देऊ, अशा बोलीवर लोकांनी नाणी दिली, आणि पुढे २०१८ साली पुणे पोलिसांनी धरपकड केली. ज्या चलनाची वही जगात कोणासही उघडून पाहता येते, त्याच चलनाच्या नावाने ही फसवणूक झाली, कारण वही पाहणारे कोणी नव्हते, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे पुष्कळ होते.

वहीचे ओझे हलके करण्याचे उपाय निघाले नाहीत असे नाही, आणि ते चांगले आहेत. आपल्या जुन्या दुकानदारांकडे रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार, खतावणीत खातेवार बाकी. बाकी एकदा ताडून घेतली की दहा वर्षांपूर्वीची कीर्द माळ्यावर जाई आणि पुढे वाळवीच्या स्वाधीन होई. दुकान त्यावाचून अडत नसे. बिटकॉइनच्या मुख्य प्रणालीत हीच सोय २०१५ पासून आहे. सर्व पाने एकदा क्रमाने तपासावीत, शिलकांची यादी तेवढी ठेवावी आणि जुनी पाने टाकून द्यावीत. मग ५५० एमबीएवढी अलीकडची पाने ठेवली तरी भागते. शिलकांची यादी वेगळी, ती दहा जीबीहून थोडी अधिक भरते. तपासण्याचे श्रम यात वाचत नाहीत, पण जागा वाचते. दुसरा उपाय वाण्याच्या उधारीचा. महिनाभर लहानसहान देवघेव दोघांनी आपसांत टिपून ठेवावी आणि अखेरची बाकी तेवढी मोठ्या वहीत लिहावी. २०१८ पासून वापरात आलेली 'लाइटनिंग' योजना ती हीच. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या वहीने तिसरा मार्ग काढला. १३ मार्च २०२४ पासून तेथे काही मजकूर केवळ अठरा दिवसांपुरताच वहीला जोडला जातो आणि मग गळून पडतो. आणि २०२५ च्या जुलैपासून तेथील वहीधारकांस सप्टेंबर २०२२ पूर्वीची जुनी पाने टाकून देण्याची मुभा मिळाली, त्यायोगे प्रत्येकाची ३०० ते ५०० जीबी जागा सुटते.

याच्या नेमके उलट पाऊल बिटकॉइनच्या बाजूस पडले. २०२५ च्या ऑक्टोबरात मुख्य प्रणालीची जी तिसावी आवृत्ती निघाली, तिने व्यवहारास जोडावयाच्या इतर मजकुराची सवयीची मर्यादा ८३ बाइटांवरून एक लक्ष बाइटांपर्यंत नेली. मजकूर घालणारे कोणत्या ना कोणत्या वाटेने घालणारच, मग तो कमीत कमी हानीच्या वाटेने घालू द्या, असे तिच्या कर्त्यांचे म्हणणे. ही हिशेबाची वही आहे, हीत वाटेल ते भरू नये, असे विरोधकांचे म्हणणे. आणि त्यांतील अनेकजण जुन्या धर्तीची दुसरी प्रणाली चालवू लागले. पानाची एकूण मर्यादा तीच राहिल्याने या बदलाने वही बेसुमार वाढेल असे नाही. परंतु वही कशासाठी आहे, याचे भान सुटू लागले की मर्यादा फार काळ टिकत नाहीत, ही भीती आम्हांस अनाठायी वाटत नाही.

येथवर नाण्यांचे झाले. आता मंडळापुढील सूचनेकडे वळतो, कारण नाण्यांची वही आणि माणसांची वही यांत एक मोठा भेद आहे आणि उत्साहाच्या भरात तो नजरेआड होतो. नाण्याच्या वहीत आजची बाकी खरी असली की जुन्या पानाचे काम संपते. कोणाकडून कोणाकडे आले हे २०११ चे पान टाकले तरी तुमची शिल्लक कमी होत नाही. जातीच्या, जमिनीच्या आणि वंशाच्या नोंदीत मात्र जुने पान हाच सगळा ऐवज असतो. २०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी तेव्हा गावोगावचे गाव नमुना चौदा, कोतवाल बुके, शाळांची प्रवेशपुस्तके, मोडीतली दप्तरे धुंडाळली गेली. निजामाच्या काळातील कागदांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. एका पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या शिक्षणाची वाट ठरवितो. आरक्षणाच्या त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु ज्या कोतवालाने ते पुस्तक शंभर वर्षांपूर्वी लिहिले, त्यास कोणी म्हटले असते की जागा अडते, आता जुने टाकून दे, तर काय झाले असते याचा विचार करावा. रोजकीर्द टाकून खतावणी ठेवण्याचा उपाय नाण्यांस लागू पडतो, माणसांस पडत नाही.

आपल्याच राज्यात याचा एक प्रयोग झालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर झाला. दुर्गम भागातील आदिवासी विद्यार्थ्यास आपला दाखला अस्सल असल्याचे पटविण्यासाठी खेटे पडू नयेत, हा हेतू. हे ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, ६५ हजार प्रमाणपत्रे त्या वहीत जाऊन बसली. तसे करणे आकाराच्या दृष्टीने परवडणारेच नव्हे. अशा योजनांत कागद वहीत जात नाही. कागदाचा गणिती ठसा तेवढा जातो, जो ३२ बाइटांत मावतो. उद्या कोणी प्रमाणपत्र पुढे केले की त्याचा ठसा काढून वहीतल्या ठशाशी ताडावयाचा. जुळला तर कागदात फेरफार नाही. वही वाढू न देता तिचा उपयोग करून घेण्याची ही पद्धत आम्हांस मान्य आहे. पण तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ठशावरून कागद पुन्हा उभा करता येत नाही. अंगठ्याचा ठसा असला म्हणून माणूस परत येत नाही, तसेच हे. मूळ दाखला हरवला तर ठसा मुका होतो. शिवाय ठसा जुळला म्हणजे दाखला कचेरीतून त्याच रूपात निघाला एवढेच सिद्ध होते. त्यातील मजकूर खरा की खोटा, हे जात पडताळणी समितीसच पाहावे लागते.

आणि ठसा ज्या वहीत आहे ती वही तरी किती वर्षे चालेल? पॉलिगॉन हे २०१७ साली आपल्याच देशातील तरुणांनी उभारलेले काम. त्यांनी प्रयोगासाठी जी निराळी वही चालविली होती तिचे नाव 'मुंबई' असे होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती बंद करण्यात आली. ती प्रयोगाचीच होती, तिच्यावर कोणाचे जातप्रमाणपत्र अवलंबून नव्हते, हे खरे. तरी ज्या वस्तूस लोक 'कायमची' म्हणतात तिच्या पोटात अशीही उदाहरणे आहेत. वही कायमची राहते ती कोणी तिची प्रत बाळगतो तोवर. तिचा आकार वाढत गेला आणि बाळगण्यात कोणाचा लाभ उरला नाही, की गणित शुद्ध असूनही वही जाते.

या सर्वांवरून मंडळापुढील सूचनेविषयी आमचे मत असे आहे. वंशावळी आणि सभासदनोंद ब्लॉकचेनवर मुळीच चढवू नये. जागेचे कारण सांगितलेच. पण त्याहून मोठे कारण आहे. जे पुसता येत नाही ते सर्वांनी सदैव वाहावयाचे असते, म्हणूनच ती वही वाढते. आता ज्ञातीच्या वहीत काय काय असते? कोणाचे लग्न कोठे झाले, कोणाचा काडीमोड झाला, कोणी दत्तक गेले, कोणाची सून परज्ञातीतली. अशा नोंदी हाती धरून गावोगावच्या जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकली, म्हणून तर या राज्यास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्यात तर माणसास आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य झाला आहे. आपल्या मंडळाने पूर्वी ज्या नोंदी केल्या त्यांतील काही आज कोणी वाचून दाखवू नयेत अशाच असतील, आणि तसे कोणत्या मंडळाचे नसेल? कागद जीर्ण होतो, यात क्वचित दयाही असते. ज्या मुलीस आपले नाव या वहीत नको आहे, तिचे नाव खोडण्याची शक्ती मंडळाच्या हाती राहिली पाहिजे.

शिक्षणफंडाच्या हिशेबाचे तसे नाही. तो उघडाच असावा. लेखापरीक्षण झालेल्या वार्षिक जमाखर्चाचा एक ठसा दर वर्षी सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवावा, यास आमची हरकत नाही. वर्षाकाठी ३२ बाइट म्हणजे कोणाच्याही वहीस ओझे नाही, आणि पुढे एखाद्या चिटणिसाने जुन्या आकड्यांत हात घालावयाचा म्हटले तर तो पकडला जाईल. मात्र जमाखर्चाची संपूर्ण छापील प्रत निदान दहा निरनिराळ्या घरी असली पाहिजे, नाहीतर त्या ठशाचा पडताळा कशाशी घ्यावयाचा? ज्या तरुणांस या चलनांत पैसा घालावयाचाच आहे, त्यांस आम्ही घाला किंवा घालू नका असे सांगणार नाही. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के आयकर आहे, तो भरावा. आणि घरी जुना संगणक पडून असेल तर त्यावर एकदा वही उतरवून घेऊन पाहावी. किती दिवस लागतात ते कळेल, आणि आज आम्ही जे तासभर सांगितले ते त्यावरून अधिक चांगले उमजेल.

जुन्या नोंदींचे काय करावयाचे, हा प्रश्न तरीही उरतो. मंडळाच्या पहिल्या काही दशकांच्या वह्या निरनिराळ्या माजी पदाधिकाऱ्यांच्या घरी आहेत. काहींस कसर लागली आहे आणि दोन तर मोडीत आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत, मोडी वाचणारा माणूस गाठावा, आणि त्या छायाचित्रांच्या प्रती हिंजवडी, चाकण, पुणे आणि परगावच्या शाखा अशा चार ठिकाणी कुलपात ठेवाव्यात, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचविले आहे. ज्यांच्याकडे अशी वही असेल त्यांनी ती फडक्यात बांधून चिटणिसांकडे आणून द्यावी. पावती मिळेल, आणि काम होताच वही ज्यांची त्यांस परत पोचविली जाईल.